पानिपतहून कोणीच बोलत नाही

सकाळी ऑफिस उघडलं की पानिपतहून दिल्लीला फोन लागायचा आणि संध्याकाळी ऑफिस बंद होईपर्यंत चालू राहायचा. एवढ्या वेळात कोणी अवाक्षर बोलत नसे.

हे आधी सुधन्वा शितोळेच्या लक्षात आलं, कारण लक्षात येणं हेच त्याचं काम होतं. गुडगावच्या उद्योग विहारमध्ये, परदेशी शर्ट शिवणाऱ्या दोन कारखान्यांच्या मधे, त्याच्या कंपनीची भलीमोठी पांढरी डिश आकाशाकडे तोंड करून बसली होती. तिच्या पायाशी एक गार खोली होती. खोलीतल्या पडद्यावर, कोणतं ऑफिस उपग्रहामार्फत कोणाशी बोलतंय, त्याच्या हिरव्या पट्ट्या उमटत. काय बोलतंय ते उमटत नसे. ते ऐकायला कायद्याची बंदी होती. मात्र लाइन नीट चालते की नाही हे तपासण्यासाठी कोपऱ्यात एक छोटा स्पीकर होता, आणि तपासायला बंदी नव्हती. कान तेच, हेतू तेवढा बदलायचा.

सुधन्वाने शुद्ध हेतूने स्पीकर लावला. पंख्याची घरघर ऐकू आली. कुठेतरी खुर्ची सरकली. कोणीतरी चहाचा घोट घेतला. तो पानिपतला घेतला की दिल्लीत, ते कळायला मार्ग नव्हता. मग पुन्हा पंखा.

दोन दिवसांनी सिमला असंच गप्प बसायला लागलं. मग पाटणा. आठवड्याभरात पडद्यावरच्या सगळ्या पट्ट्या सकाळपासून हिरव्या आणि स्पीकरवर उत्तर भारतातले निरनिराळे पंखे. आग्र्याची माणसं तेवढी खरोखरच बोलू पाहत होती, आणि त्यांना लाइन मिळत नव्हती.

ही सगळी ऑफिसं होती केंद्र सरकारच्या शीतगृह मंडळाची. मंडळाचं काम बटाटा, सफरचंद वगैरे मंडळी गार ठेवणं. सिमल्याचा फोन सफरचंदांच्या दिवसांत बोलून बोलून तापायचा आणि मार्चमध्ये माशा मारत बसायचा. आग्र्याला मार्चमध्ये बटाटा यायचा आणि तिथले साहेब एका फोनपुढे रांग लावायचे. कारण पूर्वी प्रत्येक ऑफिसला एकेक लाइन बांधून दिलेली असे. सुधन्वाची कल्पना अशी, की उपग्रहावरच्या वाहिन्या कोणाच्याच नावावर ठेवायच्या नाहीत. चौदा ऑफिसांत मिळून सहा वाहिन्या. ज्याने रिसीव्हर उचलला त्याला त्या घटकेला एक मिळेल. त्याने ठेवला की ती पुन्हा सगळ्यांची. बटाट्याच्या दिवसांत आग्र्याने एकदम चार घ्याव्यात, सफरचंदांच्या दिवसांत सिमल्याने.

मंडळासमोर ही योजना मांडताना त्याने न्हाणीघराचं उदाहरण दिलं होतं. "सरकारी क्वार्टरमध्ये माणसं सहा आणि न्हाणीघर एक. ज्याला गरज तो आत जातो, उरकून बाहेर येतो, मग दुसरा जातो. न्हाणीघर कोणाच्या नावावर नसतं, तरी घर चालतं."

"आणि आत गेलेला बाहेर आलाच नाही तर?" मंडळाचे उपसंचालक अंबादास पेठकर यांनी विचारलं होतं.

"तसं कोण कशाला करेल साहेब?" सुधन्वा हसून म्हणाला होता. तो तेव्हा नवीन होता. म्हणजे खाजगी क्षेत्रात.

त्याआधी तो केंद्र सरकारच्या एका खात्यात होता. तिथेही त्याने हीच योजना सुचवली होती. फाइलवर "चर्चा करावी" असा शेरा आला आणि चर्चा कोणाशी करावी ते शेऱ्यात नसल्यामुळे फाइल तिथेच राहिली. मग उदारीकरण आलं. हरीश खुराना नावाचे एक गृहस्थ, जे तोवर प्लॅस्टिकच्या बादल्या-मग बनवत होते, न्हाणीघरातून थेट अंतराळात गेले. एका राज्य सरकारच्या महामंडळाला भागीदार घेऊन त्यांनी कंपनी काढली आणि सुधन्वाला बोलावलं. कंपनीत सरकारचा पाय असल्यामुळे सुधन्वाला खात्याने दोन वर्षांचा लिअन दिला. लिअन म्हणजे, माणूस दुसरीकडे गेला तरी त्याची जुनी जागा तेवढे दिवस त्याच्या नावावर राहते. बसमध्ये सीटवर रुमाल टाकून खाली चहा प्यायला उतरावं, तसं.

हा रुमाल सत्त्याण्णवच्या मार्चअखेर उचलला जाणार होता. आणि त्याच मार्चअखेर शीतगृह मंडळ ठरवणार होतं, सध्या अजमावून पाहत असलेलं सुधन्वाचं जाळं ठेवायचं की काढून टाकायचं. काढलं, तर सुधन्वाही जाणार, हे खुरानांनी त्याला फार प्रेमाने सांगितलं होतं. "बेटा, नेटवर्क फ्लेक्सिबल है, तो नौकरी भी फ्लेक्सिबल." म्हणजे नवी नोकरी राहते की जाते हे ज्या दिवशी कळायचं, त्याच दिवशी जुनी जायची. सरकार आणि खाजगी क्षेत्र यांच्यात एवढा ताळमेळ एरवी दिसत नाही.

"तू परत जायचा अर्ज तरी लिहून ठेव," हेमलता म्हणाली. ही सुधन्वाची बायको. पहाडगंजच्या मराठी शाळेत शिकवायची आणि गुडगावहून रोज बस बदलत जायची. त्यांचा नवा फ्लॅट मोहरीच्या शेताच्या कडेला होता. लिफ्टसाठी खड्डा तयार होता, लिफ्ट यायची होती.

"अर्ज लिहिला म्हणजे मी हरलो असं झालं."

"लिही रे. खिशात ठेव. द्यायलाच हवा असं कोण म्हणतंय?"

सुधन्वाने लिहिला आणि खिशात ठेवला.

रविवारी सासरे जेवायला आले. हिंदुराव निकम, सिग्नल्सचे निवृत्त सुभेदार, मूळचे कराडकडचे, आता दिल्ली कँटॉन्मेंटला लागून राहत. पुरणपोळी खाताना जावयाची हकिगत ऐकली आणि त्यांचा घास थांबला.

"कुटनं येतुया म्हनालात?"

"पानिपतहून, मामा."

"मग हाय काय तरी. त्या गावाचं अन् आपलं कधीच बरं न्हवतं."

"बाबा, अहो बटाट्याचं ऑफिस आहे ते," हेमलता म्हणाली.

"बटाट्याचं हाय असं सांगत्यात. जावईबापू, बोलनाऱ्या लाइनीला मी कधी भ्यालो न्हाई. गप लाइन लई वंगाळ. एकाहत्तरला आमची एक लाइन अशीच गप झाली. पलीकडं दुश्मन कान लावून बसल्याला!"

"मग?"

"मग काय, आमी पन कान लावून बसलो. दोन दिस. लई दम लागतो त्याला."

"मग निघालं काय?" हेमलताने विचारलं.

"वायर तुटल्याली व्हती," हिंदुराव म्हणाले, आणि हे काही आपल्या सांगण्याच्या आड येत नाही अशा थाटात त्यांनी तूप मागितलं.

सोमवारी सुधन्वा कस्तुरबा गांधी मार्गाच्या बाजूला मंडळाच्या मुख्य कचेरीत पेठकरांकडे गेला. पेठकर मूळचे अमरावतीचे. तीस वर्षं दिल्लीत काढल्यामुळे त्यांचं मराठी बिल्कुल साफ असलं तरी त्याला यमुनेचं पाणी लागलं होतं.

"पेठकरसाहेब, तुमची पानिपतची लाइन दिवसभर चालू असते."

"अच्छा? म्हणजे सिस्टिम फर्स्ट क्लास चाललीय."

"पण कोणी बोलत नाही."

पेठकरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "हे तुम्हाला कसं कळलं?"

इथेही आता पंखाच ऐकू येऊ लागला.

"चलो, ते सोडा," पेठकर आवाज उतरवून म्हणाले. "मला एक सांगा शितोळे. आम्ही बोलत नसतो तेव्हा आमची लाइन तुम्ही कोणाला देता?"

"ज्याला हवी त्याला. आत्ता आग्र्याला हवीय."

"आग्र्यालाच ना? त्या शर्टवाल्यांना नाही?"

"साहेब, वाहिन्या फक्त मंडळाच्याच आहेत."

"नाही, मी आपलं विचारतोय. जमिनीवरची वायर असती तर माणूस चालत जाऊन बघून तरी आला असता, यार. तुमचं सगळं वर." त्यांनी छताकडे बोट दाखवलं. छताला पंखा होता. दोघांनी तो पाहून घेतला.

सुधन्वा बाहेर पडला तेव्हा त्याची खात्री झाली होती की पेठकर काहीतरी लपवतायत. पेठकरांची त्याच्याबद्दल तशी खात्री तर तो आत येण्याआधीपासूनच होती.

गुडगावला परतल्यावर त्याने एक बंदोबस्त केला. लाइनवर दोन मिनिटं कोणी बोललं नाही तर ती आपोआप सुटेल, असं संगणकाला शिकवलं. दुपारी सगळ्या गप्प लाइनी पटापट सुटल्या. आग्र्याने एकदम चार वाहिन्या घेतल्या आणि संध्याकाळपर्यंत बटाट्याबद्दल बोलून घेतलं. खुरानांनी स्वतः येऊन त्याची पाठ थोपटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या पट्ट्या पुन्हा हिरव्या.

सुधन्वाने स्पीकर लावला. आज पंखा नव्हता. पानिपतहून एक बाई सिनेमातलं विरहगीत म्हणत होती, मागे व्हायोलिनं. मग एक गंभीर पुरुष संस्कृतमध्ये बातम्या सांगू लागला. पाटण्याहून कोणीतरी जुन्या टायरांची निविदा मोठ्याने वाचत होतं. वाचून झाली की पुन्हा पहिल्यापासून. सिमल्याहून बाजारभाव. तासाभराने सिमल्याहून तेच बाजारभाव.

हिंदुराव ऐकायला मुद्दाम आले. स्पीकरला कान लावून त्यांनी डोळे मिटले. "आकडे!" ते पुटपुटले. "ऐकलंत? सातशे वीस, सातशे पस्तीस. कोड हाय ह्यो."

"मामा, ते अद्रकीचे भाव आहेत."

"तेच तर! अद्रक इतकी म्हाग असती व्हय?"

एवढ्यात खुराना आले. त्यांनी संस्कृत बातम्या ऐकल्या आणि त्यांचा चेहरा पडला. "शितोळे, ये क्या है? पूरा आसमान खाली पड़ा है और हमारे यहाँ जाम? आग्रावाले ने मिनिस्ट्री में शिकायत कर दी है. एक हफ़्ता देता हूँ."

सुधन्वाने दुसऱ्याच दिवशी पानिपत गाठायचं ठरवलं. हिंदुराव सोबत निघाले. "त्या गावाला आपल्या मानसानं एकट्यानं जाऊ न्हाई," एवढंच त्यांनी कारण दिलं. हायवेवर बसमध्ये ते सबंध वेळ मागच्या गाड्यांवर नजर ठेवून होते.

मंडळाचं ऑफिस एका घोंगड्यांच्या दुकानाच्या वर होतं. गच्चीवर कंपनीची छोटी डिश. तिच्या दांड्याला कोणाचा तरी लेंगा वाळत टाकलेला. आत तीन टेबलं. मधल्या टेबलावर फोन, आणि फोनशेजारी खेस नावाच्या तिकडच्या मऊ चादरीच्या घडीवर, आजाऱ्याला निजवावं तसा, रिसीव्हर निजवलेला. त्याच्या तोंडाशी ट्रान्झिस्टर. शेजारच्या खुर्चीवर सुमित्रा दहिया नावाच्या टायपिस्टबाई लोकरीचं विणकाम करत बसल्या होत्या. सुधन्वाने रिसीव्हरकडे हात नेताच त्या ताडकन उठल्या.

"हाथ मत लगाना जी! चली जाएगी!"

"क्या चली जाएगी?"

"लाइन. नीचे रखी और आग्रावाले ले गए. फिर कौन लौटाता है?"

"पण... लेकिन उठाते ही वापस मिल जाएगी, बहनजी. सिस्टिम ही ऐसी है."

सुमित्राबाईंनी त्याच्याकडे जरा दयेने पाहिलं. "आप कभी सरकारी दफ़्तर में रहे हो?"

सुधन्वाचा हात खिशातल्या अर्जाकडे गेला.

"साल का पैसा मार्च तक ख़र्च न करो तो अगले साल कट जाता है. वैसे ही लाइन. ऊपर से ज़बानी हुक्म आया है, इस्तेमाल दिखाओ. कोई साहब हेड ऑफिस में भाषण दे गए थे, जिसकी माँग उसी को लाइन. तो हम दिन भर माँग रहे हैं." त्या पुन्हा विणायला बसल्या. "पहले चुपचाप माँगते थे. फिर चुप रहने पर कटने लगी, तो रेडिओ घर से लाना पड़ा."

कोई साहब खेसाकडे पाहत राहिले.

"और जब दिल्ली से सचमुच बात करनी हो?"

"तो नीचे पीसीओ है ना जी."

हिंदुरावांनी एव्हाना टेबलाखाली, ट्रान्झिस्टरमागे आणि बाईंच्या लोकरीच्या पिशवीत नजर टाकून घेतली होती. शत्रू न सापडल्यामुळे त्यांची जरा निराशा झाली. पण जिना उतरताना म्हणाले, "काय का असंना, बाईनं मोर्चा सोडला न्हाई. आमच्या पलटणीत पायजे व्हती."

गुडगावात परतल्यावर सुधन्वाने सगळ्या ऑफिसांना समजावून पाहिलं. तो जितकं समजावी तितका संशय वाढे. लाइन सोडा म्हणणाऱ्या कंपनीला लाइन कशासाठी हवी असेल, हा साधा प्रश्न चौदाही ऑफिसांना एकदम पडला. खुरानांचा आठवडा सरत आला. शेवटी एका दुपारी तो खिशातला अर्ज घेऊन आपल्या जुन्या खात्यात गेला.

कॉरिडॉर तोच होता. दारावर त्याची पाटी अजून होती: सुधन्वा शितोळे. आत त्याच्या टेबलाभोवती तिघे बसले होते. त्याच्या खुर्चीत बन्सल नावाचे एक गृहस्थ, उशी बांधून.

"आइए आइए शितोळेजी! आपकी ही जगह है. बैठिए," बन्सल म्हणाले आणि त्याला समोरचं स्टूल दाखवलं.

"माझा लिअन... मेरा लिअन है ना अभी?"

"बिल्कुल है. आप गए, अगले दिन से मैं बैठ रहा हूँ. सुबह ये दोनों आते हैं, शाम को लेखा विभाग का एक आदमी. अब दो साल कुर्सी ख़ाली थोड़े रखेंगे? जिसको ज़रूरत, उसकी."

"और मैं लौट आया तो?"

"तो उठ जाएँगे. कोई न कोई उठ जाएगा." बन्सलनी चहा सांगितला.

सुधन्वाला भयंकर राग आला. तो राग चहा संपेपर्यंत टिकला. मग दाराशी त्याने पुन्हा आपली पाटी पाहिली, तिच्यावरची धूळ रुमालाने पुसली, आणि त्याला एकदम बरं वाटलं. जागा आहे. नाव आहे. तो समाधानाने जिना उतरू लागला आणि मधल्या पायरीवर थांबला.

पाटी दाराला होती. खुर्चीशी तिचा काही संबंध नव्हता. गेली दोन वर्षं त्याची खुर्ची सगळ्यांना मिळून वापरली जात होती, आणि त्याला झोप लागत होती ती पाटीमुळे.

अर्ज खिशातच राहिला. तिथून तो थेट भगीरथ पॅलेसला, विजेच्या सामानाच्या बाजारात गेला.

चार दिवसांत चौदाही ऑफिसांच्या फोनशेजारी एकेक सुबक पेटी बसली. पेटीवर हिरवा दिवा, दिव्याखाली ऑफिसचं नाव, नावाखाली "आरक्षित". दिवा अखंड जळायचा. पेटीतून निघालेली वायर भिंतीत जायची. भिंतीत विजेचं सॉकेट होतं, आणि दिव्याचा उपग्रहाशी एवढाही संबंध नव्हता, की दोघं वर्तुळाकार आहेत असं तरी म्हणता यावं.

पेठकरांनी आपल्या कचेरीतली पेटी उलटीसुलटी करून पाहिली.

"शितोळे, हा दिवा कशाला..." एवढं म्हणून ते थांबले. "नको. सांगू नका. सांगितलंत तर मला नोट लिहावी लागेल."

"बरं साहेब."

"आग्र्याच्या दिव्यापेक्षा आमचा लहान तर नाही ना?"

"सगळे सारखे आहेत."

"मुख्य कचेरीचा जरा मोठा असू द्या," पेठकर म्हणाले.

पहिल्या दिवशी सिमल्याने रिसीव्हर खाली ठेवला. दिवा जळतच राहिला. सिमल्याने दोनदा उचलून पाहिला. दोन्ही वेळा लाइन मिळाली, कारण ती नेहमीच मिळणार होती. मग पाटण्याने ठेवला, आणि टायरांची निविदा ज्याला वाचायला लावली होती त्या माणसाचा घसा वाचला. पानिपत शेवटी. तिथे पहिल्याच दुपारी वीज गेली, दिवा विझला आणि सुमित्राबाईंनी वीज येईपर्यंत मोर्चा पुन्हा धरून ठेवला. सुधन्वाने पेट्यांना बॅटऱ्या बसवल्या.

त्यानंतर आग्र्याने मार्च संपेपर्यंत कधी तीन, कधी पाच वाहिन्या वापरल्या. दुपारी आग्र्याचं जेवण झालं की त्याच वाहिन्यांवर कानपूर बोलायचं. पट्ट्या उमटत होत्या, विझत होत्या. आकाशात एवढी ये-जा सुधन्वाने कधी पाहिली नव्हती. महिनाअखेर पेठकरांचा अहवाल आला: प्रत्येक कार्यालयास स्वतंत्र व कायम राखीव वाहिनी मिळाल्यामुळे व्यवस्था लवचीक झाली असून करार कायम करण्यात यावा.

खुरानांनी मिठाई वाटली आणि सुधन्वाला हाताला धरून एका केबिनपाशी नेलं. दारावर पितळी पाटी चकाकत होती. सुधन्वा शितोळे, महाव्यवस्थापक.

"आज से ये केबिन तेरा. परमनंट!"

खुराना गेल्यावर सुधन्वाने कॉरिडॉरमध्ये दोन्ही बाजूंना पाहून घेतलं. मग बोटाने पाटी जरा उचलली. मागे लाकडात आधीच्या पाट्यांची चार जास्तीची भोकं होती. दोन जुनी, दोन बरीच ताजी.

दुपारी हेमलताने शाळेतून फोन केला. अर्ज द्यायचा तो शेवटचा दिवस होता.

"काय ठरवलंस?"

"राहतोय इथेच."

"केबिन मिळाली म्हणून?"

"छे. केबिनमध्ये मी बसणारच नाही. गार खोलीतच बरा आहे."

"अरे, मग पाटी?"

"पाटी असू दे दाराला. ज्याला बसायचं त्याला बसू दे आत." मग म्हणाला, "जाळं चालतंय गं. ते सोडून कुठे जाऊ?"

"बाबांना सांगते," हेमलता म्हणाली. "ते म्हणत होते, त्या खुरानावर नजर ठेवा."

"ठेवलीय म्हणावं."

फोन ठेवून तो पडद्याकडे वळला. एक नवी पट्टी उजळली होती. पानिपतहून दिल्लीला. त्याने शुद्ध हेतूने स्पीकर लावला.

"हॅलो दिल्ली? पानिपत से सुमित्रा बोल रही हूँ जी. बत्ती जल रही है. बस, यही बताना था."

आणि पट्टी विझली.